नाशपतीच्या बागेतली वाट

मंगळवार, ८ मार्च १९८८

आज पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे आमच्या गावपंचायतीच्या, बैठकीत एक काम माझ्या गळ्यात पडलं. नेदर ब्रॉक्सली गावाचा इतिहास आणि प्रेक्षणीय स्थळं अशी पुस्तिका मी लिहायची, ती ऑगस्टच्या जत्रेत बाहेरच्या लोकांना द्यायची. प्रेक्षणीय! या गावात मी एकाहत्तर वर्षं काढली, त्यातली सव्वीस इथल्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून. मुद्दाम थांबून बघावं असं मला अजून तरी काही दिसलेलं नाही.

डफनी बफ्टन सध्या कौन्सिलची अध्यक्ष आहे. सात वर्षांची असताना हिला स्वतःच्या बुटाचे बंद बांधता येत नव्हते. आता सभा चालवते.

"प्रॉबिनबाई, तुमच्याशिवाय कोण लिहिणार? तुम्हाला सगळं माहीत आहे," ती म्हणाली.

हे मात्र खरं बोलली. मी होकार दिला.

शनिवार, १२ मार्च

स्थळांची यादी करायला बसले. राजाचा ओक: या झाडाच्या ढोलीत एक राजा शत्रूला चुकवून लपला होता म्हणे. झाड फार तर दीडशे वर्षांचं आहे. राजाला जाऊन तीनशे झाली. पळून जाणाऱ्या राजाने या देशात प्रत्येक गावात एकेक रात्र काढलेली दिसते, मग तो पळाला कधी? शिक्षेचा खोडा: मध्ययुगीन म्हणून दाखवतात. तो सुतार आयवर प्रीसने १९५३ साली माझ्या डोळ्यांदेखत बनवला, आणि त्यातही एका पायाचं भोक दुसऱ्यापेक्षा मोठं झालं. चर्चचा कललेला मनोरा: भूकंपाने कललाय असं आमचे पाद्री, व्हिकर, सांगतात. तो गटार तुंबल्याने कलला.

राहिली पाद्रिणीची विहीर. तिच्या पाण्याने डोळे सुधारतात अशी ख्याती आहे. ख्याती पसरवणाऱ्या सगळ्यांना चष्मे आहेत.

सोमवार, १४ मार्च

सकाळी नेहमीप्रमाणे एनिडकडे जाऊन आले. चर्चच्या मागून, कर्नल बासकॉटच्या नाशपतीच्या बागेतून टेकडीवरच्या दफनभूमीपर्यंत बारा मिनिटं लागतात. माझ्या कमरेला आता अठरा लागतात. एनिड माझी धाकटी बहीण. ती लहान मुलांचा वर्ग घ्यायची, मी मोठ्यांचा. शाळा सुटल्यावर वीस वर्षं आम्ही दोघी याच वाटेने फिरलो. तिला जाऊन तीन वर्षं झाली, आता मी एकटी जाते आणि तिला गावातल्या मूर्खपणाची बातमी देते. ती असती तर मूर्खांची बाजू घेतली असती.

बागेच्या टोकाला कुंपण ओलांडायची लाकडी पायरी आहे. तिच्याखाली कुणीतरी एक जादा बुटकी फळी ठोकली आहे. कौन्सिलचं काम असणार, कारण तिरकी आहे. या लोकांना सरळ खिळा मारता येत नाही. पाय सहज पडतो, एवढं मात्र आहे.

लेन ग्विलियम रोजच्यासारखा माझ्या दहा मिनिटं पुढे होता. हा पाउंड कॉटेजेस या मजूरवस्तीतला. चोरून ससे मारतो असं लोक म्हणतात, आणि हातात कायम विळा. जाता जाता दोन्ही बाजूंच्या काटेरी फांद्या छाटत जातो, बघवत नाही. सोबत दोन हडकुळे कुत्रे. टोपी काढणं नाही, 'गुड मॉर्निंग' नाही. वयाच्या नवव्या वर्षी मी याला वर्गाबाहेर उभा करायचे, तेव्हाही माफी मागायचा नाही. एनिड त्याला तिच्या वर्गात बसवून घ्यायची आणि वाचायला शिकवायची. माझ्या शिस्तीचं एनिडने कायमच वाटोळं केलं.

फेब्रुवारीत मी तापाने पडले होते, तेव्हा एनिडच्या थडग्यावर कुणीतरी रोज ताजी हिमफुलं ठेवत होतं. व्हिकर असणार. विचारलं तर नाही म्हणाले. विनय.

सोमवार, ११ एप्रिल

कर्नल बासकॉट डिसेंबरात वारले. त्यांचं घर आणि बाग लंडनच्या कुणा मिस्टर डेव्हनिशने घेतली. आज सकाळी बागेच्या फाटकाला कुलूप होतं आणि वर पाटी: 'खाजगी मालमत्ता. वाट बंद आहे.'

मी फाटकापाशी किती वेळ उभी होते ठाऊक नाही. हातात एनिडसाठी नेलेली प्रिमरोझची फुलं होती. शेवटी ती पाटीच्या खिळ्यात अडकवून घरी आले. हे वेड्यासारखं झालं.

दफनभूमीला दुसरा रस्ता आहे. अडीच मैल, खाणीच्या ट्रकांचा, कडेला चालायला जागा नाही.

बुधवार, १३ एप्रिल

'ब्लॅक लॅम्ब' पबमध्ये गावाची सभा. मी पबमध्ये जात नाही. आज गेले.

काय ते अगाध ज्ञान! एकजण म्हणतो, "जिथून शवपेटी गेली ती वाट कायमची गावाची. कायदाच आहे तसा." दुसरा म्हणतो, "तीन शवपेट्या पाहिजेत." आयवर प्रीस म्हणतो, "माझ्या आजीची गेली होती. एनिडबाईंची गेली. झाल्या दोन. आता आणखी एक कुणाची..." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"आयवर," मी म्हणाले, "असा कायदा कधीच नव्हता. असता तर तुझ्या आजीला लोकांनी सगळ्या जिल्ह्यातून फिरवली असती."

एनिडची शवपेटी त्या वाटेने गेली हे खरं. जानेवारीत रस्त्यावर बर्फ होता, गाडी चढेना. चौघांनी खांद्यावरून नेली. पुढचा उजवा खांदा लेन ग्विलियमचा होता. त्याने तेव्हा टोपी काढली होती, हे कबूल करायला हवं.

मग मी त्यांना कायदा सांगितला. लोक एखाद्या वाटेने वीस वर्षं चालत आले असतील तर ती वाट सार्वजनिक ठरू शकते. पुरावा द्यावा लागतो. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीकडून फॉर्म येतात.

"पुरावा कुठला?" डफनी म्हणाली. "चालताना कोण लिहून ठेवतं?"

"मी," मी म्हणाले.

मंगळवार, १९ एप्रिल

१९६५ पासूनची माझी सगळी पत्रं पेटीतून काढली. दर सप्टेंबरात मी कर्नलना आभाराचं पत्र लिहीत असे, सोबत डॅमसन आलुबुखारांच्या मुरंब्याची बरणी. 'आपल्या कृपेने यंदाही बागेतल्या वाटेचा उपयोग करता आला, पुढील वर्षीही आपली परवानगी राहावी ही विनंती.' खाली सही: 'हेस्टर प्रॉबिन, समस्त ग्रामस्थांच्या वतीने.' प्रत्येकाची कार्बन कॉपी आहे. प्रत्येकाला कर्नलचं उत्तर आहे: 'अवश्य.' तेवीस वर्षांत एकही चुकलं नाही. एवढा चोख पुरावा काउंटीच्या कचेरीने जन्मात पाहिला नसेल.

एनिडने त्या पत्रावर कधी सही केली नाही. "वाटेला कसली परवानगी, हेस्टर?" म्हणायची. "पाखरं मागतात का?" एनिड अशीच होती. पाखरांशी तुलना केली की तिच्या मते वाद संपला.

बुधवार, २७ एप्रिल

फॉर्म आले. सोबत एक माहितीपत्रक होतं, बारीक अक्षरातलं. मला कायदा शिकवायची गरज नाही. ते शेकोटी पेटवायला घेतलं.

नववा प्रश्न: 'या वाटेसाठी आपण मालकाची परवानगी घेतली होती का?' मी लिहिलं: 'अर्थातच. दरवर्षी, लेखी. आम्ही रानटी नाही.'

शुक्रवार, ६ मे

पाउंड कॉटेजेसमधून चौदा फॉर्म आले. वाचून डोळे पाणावले, दुःखाने. ही सगळी माझ्या हाताखालून गेलेली मंडळी. 'वाट' हा शब्द तिघांनी तीन प्रकारे लिहिलाय. नवव्या प्रश्नाला सगळ्यांचं एकच उत्तर: 'नाही.' लेन ग्विलियमने त्यापुढे आणखी एक शब्द खर्च केलाय: 'नाही. का?'

त्याला बोलावून घेतलं. कुत्रे बाहेर ठेव म्हणाले तर स्वतःही बाहेरच उभा राहिला.

"लेन, हे असं उत्तर सरकारी कागदावर शोभतं का? 'कर्नलसाहेबांची संमती गृहीत धरली होती' असं तरी लिही."

"गृहीत कुठं धरली होती?"

"मग काय धरलं होतंस?"

"काहीच नाही. चालत होतो."

"सत्तावीस वर्षं? एकदाही विचारलं नाहीस?"

"तुम्ही विचारलंत?"

"दरवर्षी. ग्रामस्थांच्या वतीने, लेखी."

त्याने विळा खाली ठेवला. "सगळ्यांच्या वतीनं, बाई?"

"अर्थात. कुणीतरी गावाची अब्रू राखायला नको?"

"अरे देवा," तो म्हणाला. "बाई, ती पत्रं घरातच ठेवा. कुणाला दाखवू नका."

माझा पुरावा मी लपवावा! वर्गात गृहपाठ न करणारी मुलं करणाऱ्यांच्या वह्यांवर शाई सांडतात, तेच हे. त्याला निरोप दिला आणि चौदाही फॉर्म गठ्ठ्याच्या तळाशी घातले. चुका तांबड्या शाईने दुरुस्त करायचा मोह आवरला.

रविवार, १२ जून

नऊ आठवडे एनिडकडे गेले नाही. आज चर्च सुटल्यावर रस्त्याने निघाले. खाणीच्या वळणाआधीच ट्रक आला, मी बाजूला सरले, आणि बाजू नव्हतीच. चरात पडले. हाड मोडलं नाही. मान मोडली अभिमानाची. डॉक्टरांनी तो रस्ता मना केला आहे. पायाला पट्टी.

सोमवार, १३ जून

लेन ग्विलियम दाराशी. याला कसं कळलं कोण जाणे.

"मी जातो रोज," तो म्हणाला. "फाटकावरून उडी मारून."

"कुलूप असताना? पाटी असताना?"

"पाटी वाचली मी. एनिडबाईंनी शिकवलंय." मग घसा खाकरला. "काही सांगायचंय का त्यांना?"

असला आगाऊपणा मी आयुष्यात ऐकला नव्हता. माझ्या बहिणीला निरोप धाडायला मला ससेचोर लागतो? दार लावून घेतलं.

मग खिडकीतून बघितलं तर तो अजून माझ्या फाटकाशी उभा. मी खिडकी उघडून म्हणाले, "सांग, डफनीने पुस्तिकेचं पहिलं प्रकरण परत पाठवलंय."

"का?"

"प्रवासी यायला पाहिजेत, पळून जायला नकोत, असं म्हणाली."

तो हसला. मला कारण दिसलं नाही.

शनिवार, २० ऑगस्ट

जत्रा. पुस्तिका नाही. मी राजाच्या ओकाबद्दलचा मजकूर बदलायला नकार दिला, म्हणून सगळंच पुढच्या वर्षावर ढकललं. खोड्यात पाय अडकवून लोकांनी फोटो काढून घेतले. एका बाईचा पाय मोठ्या भोकातून निसटला तेव्हा तिला ते प्राचीन कौशल्य वाटलं.

मिस्टर डेव्हनिशही आले होते. तरुण आहे, स्वच्छ आहे, बुटांवर चिखलाचा ठिपका नाही. मला म्हणाला, "मिस प्रॉबिन, तुमच्याबद्दल ऐकलंय. तुम्हाला एकटीला जायचं असेल तर मी किल्ली देतो. फक्त विचारायचं."

माझ्या मनात काय झालं ते इथे खरं लिहायला हवं. मला होय म्हणायचं होतं. चार महिने झाले होते. किल्ली माझ्यासमोर धरली असती तर मी घेतली असती. पण मागे सरबताच्या टेबलापाशी पाउंड कॉटेजेसची सगळी फौज बघत उभी होती. "बघते," म्हणून निघून आले. रात्री जेवले नाही.

गुरुवार, १३ ऑक्टोबर

हे आजच लिहायला हवं. उद्या मी ते जरा बरं करून लिहीन.

काउंटीचे अधिकारी मिस्टर ऑल्डरिज यांनी गावच्या हॉलमध्ये सुनावणी घेतली. सर्दी झालेला, सौम्य माणूस. डेव्हनिशच्या बाजूने एक वकील, मिस्टर फेन. मी पहिल्या रांगेत, मांडीवर पत्रांची पेटी, अंगात निळा कोट. पहिली साक्ष माझी. मीच तसा आग्रह धरला होता.

मी पत्रं एकेक करून टेबलावर मांडली. तारीखवार. १९६५. १९६६. मिस्टर ऑल्डरिज वाचू लागले आणि त्यांचा चेहरा पडत गेला. मला वाटलं सर्दी. वकिलाचा चेहरा मात्र नाताळच्या सकाळसारखा उजळत होता.

"मिस प्रॉबिन," ऑल्डरिज हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही माहितीपत्रक वाचलं होतं ना?"

ते एप्रिलमध्येच शेकोटीत गेलं होतं.

त्यांनी समजावून सांगितलं, आणि फार अदबीने सांगितलं, तेच जास्त लागलं. वाट लोकांची ठरायची तर लोक तिच्यावरून आपलीच असल्यासारखे चालायला हवेत. न लपता, न भांडता, आणि कुणालाही न विचारता. जो परवानगी मागून चालला तो पाहुणा. पाहुणा शंभर वर्षं राहिला तरी घर त्याचं होत नाही.

मग वकील उठला. एक पत्र उचललं आणि मोठ्याने वाचलं. कुठलं, ते मी पहिल्या शब्दांवरून ओळखलं. जानेवारी १९८५. 'प्रिय कर्नल, माझ्या बहिणीची शवपेटी उद्या आपल्या बागेतून नेण्यास परवानगी असावी. आपल्या गवताची नासधूस होणार नाही याची काळजी घेऊ.'

वाचून त्याने ते पत्र पुन्हा ओळीत ठेवलं.

"तेवीस वर्षं," वकील म्हणाला, "समस्त ग्रामस्थांच्या वतीने परवानगी मागितली गेली आणि मिळाली. म्हणजे सगळं गावच परवानगीने चालत होतं. बाई या गावच्या मुख्याध्यापिका. त्या गावाला विचारल्याशिवाय गावाच्या नावाने सही करतील असं तर कुणी म्हणणार नाही. मिस प्रॉबिन, तुम्ही ग्रामस्थांशी बोलून, त्यांच्या संमतीनेच ही पत्रं लिहिलीत, हो ना?"

मी वळून हॉलकडे बघितलं. डफनी रुमाल चुरगाळत होती. आयवर प्रीस छताकडे बघत होता. लेन ग्विलियम शेवटच्या रांगेत, टोपी डोक्यावर, थेट माझ्याकडे बघत होता. माझी ततपप झालेली या गावाने आजवर कधी बघितली नव्हती. 'हो' म्हणाले असते तर मी शहाणी ठरले असते. शहाणी, सभ्य, सगळ्यांना विचारून चालणारी. फक्त वाट गेली असती.

"नाही," मी म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"मी कुणालाही विचारलं नाही. तेवीस वर्षांत एकदाही नाही. कुणाला सांगितलंही नाही."

"पण का?"

"विचारण्यासारखं होतं कोण इथे?"

हॉल फुटला. हसता हसता लोक बाकांवर हात आपटत होते. डफनी रडत होती आणि हसत होती. मिस्टर ऑल्डरिजनी नाक पुसलं, बराच वेळ पुसलं.

मग पाउंड कॉटेजेसच्या साक्षी झाल्या. एकामागून एक, सगळे सारखेच. "बाईंनी आमच्या नावानं पत्र लिहिलं? आम्हाला कुणी सांगितलं? बाई आम्हाला विचारून काही करतात होय?" असं तेरा वेळा ऐकलं. प्रत्येक वेळी वकील एकेक बोट खाली बसत गेला.

शेवटी लेन. त्याला प्रश्न मिस्टर ऑल्डरिजनी विचारले.

"कर्नल बासकॉटनी तुम्हाला कधी अडवलं?"

"नाही."

"परवानगी दिली?"

"नाही."

"भेट झाली तर काय म्हणायचे?"

"काही नाही. मीही काही नाही म्हणायचो. दोघं चालायचो, आपापल्या दिशेनं."

"वाटेची देखभाल कोण करत होतं?"

"मी. काटे छाटायचे, जूनमध्ये खाजरं गवत काढायचं. यंदा फेब्रुवारीत पायरीला एक बुटकी फळी ठोकली."

"ती कशासाठी?"

लेन टोपीशी चाळा करत राहिला. "म्हातारी हाडं चढतात तिथून."

त्याची आई १९७१ मध्येच गेली. म्हातारी हाडं कुणाची म्हणायची होती त्याला, ते कुणी विचारलं नाही, आणि मीही बसल्या जागी हलले नाही.

आणखी एक प्रश्न झाला. "तुमच्याखेरीज या वाटेने, कुणालाही न विचारता चालणारं, आज हयात नसलेलं कुणी आठवतं?"

"एनिड प्रॉबिन," तो म्हणाला. "रोज. खिशात मला केकचा तुकडा असायचा त्यांच्या. शाळा सुटून वीस वर्षं झाली तरी असायचा."

हे मला माहीत नव्हतं. बारा मिनिटांच्या वाटेवर रोज शेजारी चालून माहीत नव्हतं.

शनिवार, १५ ऑक्टोबर

तिरक्या फळीबद्दल मी कौन्सिलला मार्चमध्ये तक्रारीचं पत्र लिहिलं होतं. त्याची कार्बन कॉपी सापडली. जाळली. पुरावा जाळण्याची माझी ही पहिलीच वेळ.

हिमफुलांबद्दल व्हिकरना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "मिस प्रॉबिन, मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं, ती मी ठेवली नव्हती." हा माणूस विनयी नाही, खरं बोलतो, हे मला आठ महिन्यांनी कळलं.

मंगळवार, १४ फेब्रुवारी १९८९

निकाल आला. वाट सार्वजनिक आहे, कायमची. डेव्हनिशने कुलूप काढायचं.

सोबत यादी आहे. 'ज्यांच्या चालण्याने ही वाट सार्वजनिक झाली अशा व्यक्ती.' पंधरा नावं. चौदा पाउंड कॉटेजेसची, सगळी शुद्ध लिहिलेली, काउंटीच्या टंकलेखिकेची कृपा. पंधरावं: कै. एनिड प्रॉबिन.

माझं नाव नाही. तळटीप आहे. 'मिस एच. प्रॉबिन यांचं चालणं परवानगीचं असल्याने हिशेबात धरलेलं नाही. त्यांच्या प्रांजळ साक्षीची मात्र नोंद घ्यावी.'

या गावाचा इतिहास लिहायला मला नेमलं होतं, आणि गावाच्या इतिहासात मी तळटीप आहे. एनिड असती तर पोट धरधरून हसली असती. मी प्रयत्न करून बघितला, अर्धवट जमलं.

पुस्तिकेसाठी डफनीकडे नवा मजकूर पाठवला. राजाचा ओक तसाच ठेवला, लपू दे बापड्याला. शेवटी एक स्थळ वाढवलं: नाशपतीच्या बागेतली वाट. खाली पंधरा नावं, एवढंच. डफनीचा फोन आला.

"बाई, तुमचं नाव?"

"मी त्यातली नाही," मी म्हणाले. "लिहिणारी आहे."

बुधवार, १ मार्च

पाय सावरला. आज गेले.

फाटक उघडं होतं. पाटीच्या जागी खिळे तेवढे राहिलेत. बागेत अजून पान नाही, पण वाट स्वच्छ, एकही काटा आडवा नाही. लेन पुढे होता. आज मात्र पायरीपाशी थांबला होता, कुत्रे दोन्ही बाजूंना बसलेले.

रात्रभर मी वाक्य तयार केलं होतं. चांगलं वाक्य होतं, तीन पोटवाक्यांचं. फळी, काटे, हिमफुलं, एनिडला पोचवलेला निरोप, सगळं त्यात होतं.

"लेन," मी म्हणाले, "मला तुझे—"

"नको, बाई." त्याने हात वर केला. "आभार मानू नका. आभार मानूनच ही वाट जायची वेळ आली होती."

मी तोंड मिटलं. बहात्तर वर्षांत मला कुणी वाक्याच्या मध्ये थांबवलं नव्हतं, आणि थांबवणारा बरोबर होता.

त्याने पायरी ओलांडली, वळला आणि हात पुढे केला. बुटक्या फळीवर पाय ठेवून मी तो धरला. विचारलं नाही.